तेवीस कोंबड्यांची एक मेंढी

ईस्टरआधीचा मोठा उपवास सुरू व्हायला चार दिवस उरले होते, तेव्हा पेर्सिदाच्या हातात अंडं फुटलं. पडलं नाही, कशावर आपटलं नाही. खुराड्यातून तिने ते नुसतं उचललं आणि बोटं बलकात गेली. तिने हात एप्रनला पुसून दुसरं उचललं. त्याचं कवच अंगठ्याखाली आत दबत होतं. मग तिने खाली वाकून कोंबड्यांची विष्ठा काडीने उकरली, आणि जे दिसलं ते बघून काडी लांब फेकून दिली.

"स्रेदोये! अरे ए म्हाताऱ्या, इकडं ये जरा!"

तिचा नवरा स्रेदोये परसात कुदळीला दांडा बसवत होता. बर्फ नुकतं वितळलं होतं, सगळीकडे चिखल. चपकचपक करत तो आला.

"जंत झालेत," पेर्सिदा म्हणाली. "हे बघ तुरे. पांढरे फटक पडलेत. चिमणीएवढी वजनं राहिलीत सगळ्यांची. नेवेन्काला बोलाव."

"हळू बोल!" स्रेदोयेने आधी कुंपणापलीकडे बघितलं.

कुंपणापलीकडे वितोमीरचं घर. नेवेन्का ही वितोमीरची मुलगी, आणि आमच्या पंचक्रोशीतली एकुलती एक जनावरांची डॉक्टर. तिला बोलवायचं म्हणजे वितोमीरला कळणार, आणि वितोमीरला कळलं की गावाला कळणार. ईस्टरच्या तोंडावर हे स्रेदोयेला परवडणारं नव्हतं.

कारण आमच्याकडे ईस्टरला चर्चच्या आवारात अंडी लढवतात. एकाने उकडलेलं, रंगवलेलं अंडं मुठीत धरायचं, टोक तेवढं बाहेर. दुसऱ्याने आपल्या अंड्याच्या टोकाने त्यावर ठोकायचं. ज्याचं फुटलं तो हरला, आणि फुटलेलं अंडं जिंकणाऱ्याच्या टोपलीत. स्रेदोयेचा बाप नऊ वेळा जिंकला होता. स्रेदोये चाळीस वर्षं लढत होता आणि एकदाही जिंकला नव्हता. वितोमीर पाच वेळा जिंकला होता, आणि दरवर्षी स्रेदोयेचं फुटलेलं अंडं सोलून, खिशातली मिठाची पुडी उघडून, त्याच्याच समोर उभा राहून सावकाश खायचा. "चवीला चांगलं आहे हं तुझं," असंही वर म्हणायचा. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला दुसरं काही नको असतं. स्रेदोयेला मरायच्या आधी फक्त एकदा वितोमीरचं अंडं फोडायचं होतं.

"मला कळतं कोंबड्यांतलं," तो म्हणाला. "मी बघतो."

गावात त्याला कोंबड्यांतला जाणकार समजत. म्हणजे तो तसं सगळ्यांना सांगत असे, आणि कोणी वाद घालत नसे. खरं म्हणजे कोंबड्या पेर्सिदाच्या होत्या. दाणा तीच टाकायची, खुराडं तीच झाडायची. स्रेदोये फक्त अंडी दातांवर हळूच ठोकून त्यांचा आवाज ऐकायचा आणि मान डोलवायचा.

उपवासाच्या पहिल्या शुक्रवारी पेर्सिदा चर्चला गेली, आणि स्रेदोये गोठ्यातल्या फळीवर चढला. मेंढ्या विकून दोन वर्षं झाली होती, पण त्यांच्या जंताच्या औषधाची बाटली अजून कोळिष्टकांत उभी होती. वर लिहिलं होतं, एका मेंढीला इतकं. कोंबडीचं नाव कुठेच नव्हतं. त्याने अंगणात फिरणाऱ्या कोंबड्या मोजल्या, मनातल्या मनात त्यांचा एक ढीग केला, त्या ढिगाला चार पाय लावून बघितले आणि हिशेब पक्का केला. तेवीस कोंबड्या म्हणजे साधारण एक मेंढी. मग त्याला वाटलं, मेंढी जरा लहानच झाली, म्हणून वर अजून अर्धं टोपण ओतलं. मक्याच्या भरड्यात औषध कालवून त्याने घमेलं अंगणात ठेवलं. ज्या धट्ट्याकट्ट्या होत्या त्यांनी धक्काबुक्की करून सगळं फस्त केलं. ज्या खरोखर आजारी होत्या त्या कडेला उभ्या राहून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडा आरवला नाही. कबरी कोंबडी लग्नातून परतणाऱ्या पाहुण्यासारखी झोकांड्या खात होती, आणि तिच्यामागून आणखी दोघी.

"काय केलंस?" पेर्सिदाने विचारलं.

"काही नाही."

"स्रेदोये."

"औषध दिलं. मेंढ्यांचं. थोडंसं." मग त्याने आदल्या दिवसापासून तयार ठेवलेलं वाक्य काढलं. "आणि दिवस बघून दिलंय. उपवास आहे ना! गावात सात आठवडे कोणी अंड्याला हात लावणार आहे का? औषध अंड्यात उतरलं तरी खाणार कोण?"

 पेर्सिदाने त्याच्या बाहीला धरून त्याला ओढतच कोठीच्या खोलीत नेलं. तिथे भुशाच्या टोपलीत, दरवर्षीप्रमाणे, उपवासातली अंडी ठेवायला तिने सुरुवात केली होती.

"उपवासात खात नाही. मग ही कोणासाठी ठेवते मी? ईस्टरला कोण खातं? पाद्रीबाबांना कोण देतं? तुझ्या बहिणीच्या नातवंडांना कोण देतं?"

स्रेदोयेने टोपलीकडे बघितलं. इतक्या पुढचा विचार त्याने केला नव्हता.

"आजची अंडी आधी वेगळी काढ," तो हळू आवाजात म्हणाला.

"ते कळतं मला! कबरीचं काय ते बोल!" तिला रडू येत होतं आणि रागही. कबरी तिच्या हातावर वाढलेली होती. तिने जॅमची रिकामी बरणी घेतली, तीत विष्ठा भरली, औषधाची बाटली पिशवीत टाकली आणि सायकल काढली.

"कुठं चाललीस?"

"नाचायला!"

नेवेन्काचा दवाखाना गावाबाहेर, बंद पडलेल्या डेअरीच्या दोन खोल्यांत होता. तिथे एक डुक्कर, दोन कुत्री आणि त्यांचे मालक रांगेत होते. पेर्सिदा बरणी शालीखाली झाकून बसली. शेजारचा माणूस म्हणाला, "जॅम आणलात वाटतं डॉक्टरीणबाईंना?" पेर्सिदा म्हणाली, "हो." तिचे कान तापले होते.

नेवेन्काने काचेवर नमुना घेऊन यंत्रातून बघितलं. मग बाटली उचलून उजेडात धरली.

"काकू, ही मेंढ्यांची आहे."

"माहीत आहे."

"आणि हिची मुदत मागच्याच्या मागच्या वर्षी संपलीये. किती दिलं काकांनी?"

पेर्सिदाने तेवीस कोंबड्यांच्या मेंढीचा हिशेब सांगितला. नेवेन्काने चटकन तोंड वळवून खिडकीबाहेर बघितलं. तिचे खांदे हलत होते. परत वळली तेव्हा मात्र चेहरा डॉक्टरचा होता.

"गोल जंत आहेत. भरपूर आहेत. पण बऱ्या होतील. आता ऐका. आठ दिवस औषध काहीच द्यायचं नाही. स्वच्छ पाणी, मऊ दाणा, आणि झोकांड्या खातायत त्यांना वेगळं उबेत ठेवा. खुराड्यातलं सगळं जुनं गवत काढून जाळा, जमीन खरवडा, चुना मारा. नाहीतर आज जंत पाडायचे आणि उद्या कोंबड्यांनी तेच परत टिपून खायचे. मग मी कोंबड्यांचं औषध देईन. पंधरा दिवसांनी परत एकदा. आणि मला प्रत्येकीचं वजन पाहिजे."

"प्रत्येकीचं?"

"एकेकीचं. अंदाजाने काय होतं ते बघितलंत ना."

"आणि अंडी?"

नेवेन्काने कॅलेंडरवर बोट फिरवलं आणि एका शनिवारी टेकवलं. ईस्टरच्या आधी आठ दिवस. "काल दिलेल्या त्या औषधाचा भरवसा नाही, म्हणून मी जरा जास्तच दिवस धरून सांगते. या शनिवारपर्यंतचं एकही अंडं कोणी खायचं नाही. डुकरालाही घालायचं नाही. पुरून टाका. रविवारपासून चालेल."

पेर्सिदा दाराशी घुटमळली. "पोरी, तुझ्या बाबांना..."

"माझ्या तोंडून नाही जाणार काकू." मग ती हसली. "आणि बाबा मला कधी काही विचारतच नाहीत. घरात डॉक्टर आहे, मग जनावर तपासायला कशाला पाहिजे, असं आहे त्यांचं."

पुढचे दिवस कष्टाचे गेले. खुराड्यातला वर्षाचा थर फावड्याने निघेना, तो कुदळीने उचकटावा लागला. अमोनियाच्या वासाने डोळ्यांतून पाणी वाहत होतं. स्रेदोये वाकला की पाठ धरायची आणि पेर्सिदाने हात देऊन उभं केलं की परत वाकायचा. तो एक शब्द उलट बोलत नव्हता. कबरीला त्यांनी चुलीमागे खोक्यात ठेवलं होतं, आणि पेर्सिदा तिला चमच्याने पाणी पाजायची. चौथ्या दिवशी कबरीने चमच्याला टोच मारली. स्रेदोये तिथेच उभा होता. "आली बघ जागेवर," म्हणून त्याने नाक शिंकरलं, पण सर्दी काही त्याला झालेली नव्हती.

मग वजनाचा दिवस आला. ताणकाटा होता, पण कोंबडी त्याला अडकवायची कशी? पिशवीत घातली की फाडून बाहेर. टोपलीत घातली की उडी. पेर्सिदा घरात गेली आणि स्रेदोयेची कोकराच्या कातड्याची काळी टोपी घेऊन आली. ती टोपी त्याच्या बापाची. रविवारी आणि मयतीलाच निघायची.

"ही नाही हं!"

"उबदार आहे, खोल आहे, आत बसली की गप्प बसते. दोरी बांध चारी बाजूंनी."

"पेर्सिदा, ती बाबांची आहे!"

"बाबा नऊ वेळा जिंकले ते काय टोपी घालून?"

अशा रीतीने तेवीस कोंबड्या एकामागून एक त्या टोपीत बसून काट्याला लटकल्या. खरोखरच प्रत्येक कोंबडी आत गेली की डोळे मिटून स्वस्थ बसायची. पेर्सिदा आकडा वाचायची, स्रेदोये कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहायचा, आणि सहाव्या कोंबडीने टोपीत जे करायचं ते केलं. स्रेदोयेने टोपी उलटी केली, झटकली आणि सातवी आत घातली.

"सगळ्या मिळून मेंढी होते का रे?" शेवटी पेर्सिदाने विचारलं.

त्याने बेरीज केली. "कोकरू होतं," तो म्हणाला. पेर्सिदा हसत हसत चिखलातच खाली बसली, आणि मग त्यालाही हसू आवरेना.

नेवेन्काचं औषध दोनदा देऊन झालं. तुरे लाल झाले. कोंबडा आरवायला लागला, आणि पहिल्यापेक्षा जास्तच. शिंपल्यांचा चुरा दाण्यात मिसळायला लागल्यापासून अंड्यांची कवचं घट्ट येऊ लागली. पेर्सिदा रोज प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने फुली मारायची आणि बादलीत ठेवायची. बादली भरली की स्रेदोये परसात खड्डा खणून ती पुरायचा. चांगली, गरम अंडी मातीत घालताना त्याचा जीव तीळ तीळ तुटायचा.

आणि त्या शेवटच्या शनिवारी, दुपारी, काळ्या कोंबडीने एक अंडं घातलं. लहानसं, टोकदार. पेर्सिदाने फुली मारून ते बादलीत ठेवलं. संध्याकाळी पुरायला नेताना सवयीने स्रेदोयेने ते दातांवर ठोकलं आणि जागच्या जागी थांबला. असा आवाज त्याने लहानपणी ऐकला होता, बापाच्या दातांवरचा. दगडावर खडा वाजावा तसा. त्याने परत ठोकलं. एक दिवस. उद्या घातलं असतं तर काय बिघडत होतं त्या काळीचं! बाकीची अंडी त्याने पुरली. ते एक खिशात गेलं.

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी आमच्याकडे अंडी रंगवतात. घरातलं पहिलं रंगवलेलं अंडं ते घराचं. ते कोणी खात नाही, कोणी फोडत नाही. ते देवाच्या तसबिरीपाशी वर्षभर घराची राखण करत बसतं. त्या शुक्रवारी पेर्सिदा उठायच्या आत स्रेदोयेने लहान पातेल्यात कांद्याची टरफलं घातली आणि आपलं चोरलेलं अंडं उकडून लालभडक केलं. फुली पुसायला व्हिनेगर लावायचं त्याच्या मनात आलं होतं, पण त्याने कवच मऊ पडतं. फुली तशीच राहिली, लाल रंगाखाली पुसट. मग तो जाऊन झोपेचं सोंग घेऊन पडला. थोड्या वेळाने पेर्सिदाने मोठं पातेलं चढवलं. तिचं पहिलंच अंडं पाण्यात तडकलं. तसबिरीपाशी तिने गेल्या वर्षीचं जुनंच अंडं राहू दिलं आणि ही गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही. दोघंही दिवसभर एकमेकांशी फार गोड वागत होती.

ईस्टरला ऊन पडलं होतं. "ख्रिस्त उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" करत सगळं गाव चर्चच्या आवारात जमलं. स्रेदोयेच्या डोक्यावर टोपी नव्हती. ती तीन वेळा धुऊन अजून दोरीवर होती.

तो खेळायला उतरला. समोरचं पहिलं अंडं फुटलं. दुसरं फुटलं. प्रत्येक वेळी त्याची मूठ घट्ट मिटलेली, अंगठा फुलीवर दाबलेला. पाचवं, सहावं. लोक गोळा व्हायला लागले. शेवटी समोर वितोमीर उभा राहिला, खिशातून मिठाची पुडी बाहेर डोकावत होती.

"ये गड्या," वितोमीर म्हणाला. "मला सकाळपासून भूक लागलीये."

"धर," स्रेदोये म्हणाला.

वितोमीरने धरलं. स्रेदोयेने ठोकलं. बारीकसा आवाज झाला, आणि दोघांनीही आपापलं अंडं वर करून बघितलं. वितोमीरचं टोक पिचून आत गेलं होतं.

एवढी आरडाओरड झाली की झाडावरचे कावळे उडाले. चाळीस वर्षं! स्रेदोयेला बाप आठवला, आणि डोळे भरून आले.

"खा आता!" कोणीतरी ओरडलं.

हा नियम तो आनंदात विसरूनच गेला होता. फार वर्षांपूर्वी एकाने लाकडी अंडं रंगवून आणलं होतं. तेव्हापासून जिंकणाऱ्याने शेवटी आपलं अंडं सर्वांसमोर पायरीवर फोडून खायचं, म्हणजे कोणाला शंका नको. वितोमीरने मिठाची पुडी पुढे केली. पाद्रीबाबा हसत उभे होते. गर्दीत नेवेन्का होती. तिच्या शेजारी पेर्सिदा, आणि तिची नजर त्याच्या अंगठ्यावर होती. स्रेदोयेने अंगठा जरा सरकवला आणि तिला फुली दिसली. तिचा चेहरा पडला.

एका अंड्याने काही मरत नाही, असं त्याच्या मनात आलं. दोन घास, की झालं. पण नेवेन्काने कॅलेंडरवर टेकवलेलं बोट पेर्सिदाने त्याला रोज ऐकवलं होतं, आणि पेर्सिदा आता नुसती मान हलवत होती, नको म्हणून.

"हे खाता येत नाही," स्रेदोये म्हणाला.

"का? लाकडाचं आहे?"

"कोंबडीचंच आहे. औषधाचं आहे." त्याचा आवाज सगळीकडे पोचला. "माझ्या कोंबड्यांना जंत झाले होते. मी त्यांना मेंढ्यांचं औषध पाजलं. तेवीस कोंबड्यांची एक मेंढी धरून. नेवेन्का नसती तर मेल्या असत्या. हे शनिवारचं आहे. रविवारचं असतं तर खाल्लं असतं."

हास्याचा असा भडका उडाला की पाद्रीबाबांनीही दाढी धरली. "एक मेंढी!" "लोकर निघाली का रे?" सगळ्यात मोठ्याने वितोमीर हसत होता. "खाल्लं नाही तर जिंकलं नाही!" तो म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

"बरोबर आहे," स्रेदोये म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता, पण उभा होता.

तेवढ्यात पेर्सिदा गर्दीतून पुढे आली. "हे कधी रंगवलंस?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी कधी?"

"तू उठायच्या आधी."

"माझ्या आधी? माझं पातेलं चढायच्या आधी?"

"आधी. चूक झाली माझी."

पेर्सिदा वळली आणि कमरेवर हात ठेवून पाद्रीबाबांसमोर उभी राहिली. "बाबा, घरात पहिलं रंगवलेलं अंडं कोणाचं?"

"घराचं," पाद्रीबाबा म्हणाले.

"ते कोणी खातं?"

"छे, छे. ते राखणीचं."

"मग हे त्याने खायचंच नाही. औषध असो नसो." तिने वितोमीरकडे बघितलं. "बघ हवं तर हातात घेऊन. लाकूड आहे का?"

"अगं, राखणीचं अंडं कोणी लढाईला आणतं का?" वितोमीर म्हणाला.

"राखणच केली की त्याने," पेर्सिदा म्हणाली. "घराला हरू दिलं का त्या अंड्याने?"

वितोमीरने अंडं घेतलं, दातांवर ठोकलं, कान देऊन ऐकलं आणि परत दिलं. मग आपलं फुटलेलं अंडं स्रेदोयेच्या टोपलीत ठेवलं, आणि मिठाची पुडीही. स्रेदोयेने ते तिथेच सोलून खाल्लं. मीठ लावून, सगळं खाल्लं. फुलीचं लाल अंडं त्या दुपारी तसबिरीपाशी जाऊन बसलं.

सोमवारी सकाळी स्रेदोये परसात होता. कुंपणाचं मागचं फाटक वाजलं. वितोमीर उभा होता, कोटाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या आणि पोटाशी काहीतरी फुगलेलं.

"पेर्सिदा आहे का?"

"मी आहे."

"तुझ्याशी काम नाही."

"कोटात काय आहे?"

"जॅम."

स्रेदोये जवळ गेला. कोटाच्या फटीतून बरणी दिसत होती. "तुझा जॅम वळवळतोय," तो म्हणाला.

वितोमीरने खाली बघितलं. "काल अंडं पिचलं तेव्हाच शंका आली," तो पुटपुटला. "माझं असं पिचत नाही कधी."

"घरात डॉक्टर आहे ना तुझ्या."

"तिला कुठल्या तोंडाने विचारू? काल तिच्यासमोर इतका हसलो मी."

चाळीस वर्षांत साठवलेली उत्तरं स्रेदोयेच्या जिभेवर एकदम आली, एकाहून एक झणझणीत. त्याने तोंड उघडलं. मग वितोमीरचे चिखलाने भरलेले बूट आणि पोटाशी धरलेली बरणी बघून परत मिटलं.

"किती आहेत?" त्याने विचारलं.

"एकतीस."

"नेवेन्काला विचारायला तूच चल, मी येतो सोबत. पण ती आधी वजनं मागणार. एकेकीचं करावं लागतं, अंदाजाने चालत नाही." त्याने भिंतीवरचा ताणकाटा काढून खांद्यावर टाकला आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "पेर्सिदा! माझी टोपी वाळली का गं?"